नागपूरच्या अधिवेशनाला आलेला अमेरिकन शेतकरी : हिमाचलात सफरचंद रुजवणाऱ्या सत्यानंद स्टोक्स यांची गोष्ट

नागपुरातलं काँग्रेसनगर सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं मोठं अधिवेशन भरलं होतं, त्याची आठवण या नावात आहे. देशभरातून चौदा हजारांवर प्रतिनिधी आले होते. अध्यक्ष होते सी. विजयराघवाचार्य आणि स्वागत समितीची धुरा वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्याकडे होती. असहकाराच्या ठरावावर याच अधिवेशनात पक्कं शिक्कामोर्तब झालं. त्या हजारो प्रतिनिधींमध्ये एक उंचपुरा गोरा माणूस होता. तो इंग्रज नव्हता, अमेरिकन होता. हिमालयातल्या कोटगड भागाचा प्रतिनिधी म्हणून तो आला होता. त्याचं नाव सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स. पुढे लोक त्यांना सत्यानंद स्टोक्स म्हणू लागले.

आज बाजारात हिमाचलचं लाल सफरचंद येतं, त्याच्या मुळाशी हाच माणूस आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या संत्रा उत्पादकांनी त्यांची गोष्ट वाचावी अशी आहे. पीक वेगळं असलं तरी शेतकऱ्याचं दुखणं सारखंच आहे.

श्रीमंत घरातून कुष्ठरोग्यांच्या सेवेत

स्टोक्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १८८२ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झाला. घरची मोठी श्रीमंती. वडिलांचा यंत्रसामग्रीचा धंदा होता, इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या कारखान्यात बनत. घराणं क्वेकर पंथाचं. ख्रिस्ती धर्मातला हा पंथ साधी राहणी, शांतता आणि सेवा यांना फार मानतो. धंद्याचा वारस म्हणून मुलाने कारखान्यात लक्ष घालावं अशी वडिलांची साहजिक इच्छा होती. पण मुलाचं मन तिथे लागेना.

भारतातल्या कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या डॉ. कार्लटन या दांपत्याशी त्यांची ओळख झाली आणि १९०४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते त्यांच्याबरोबर बोटीने भारतात आले. सिमल्याच्या अलीकडे सोलनजवळ सबाथू नावाचं गाव आहे. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात त्यांनी कामाला सुरुवात केली. आनंदवन आणि दत्तपूर पाहिलेल्या आपल्याकडच्या लोकांना हे काम काय असतं ते सांगायला नको. त्या काळात तर रोगावर खात्रीचं औषधही नव्हतं, आणि घरची माणसंसुद्धा रोग्याला दूर लोटत होती.

एप्रिल १९०५ मध्ये कांगड्यात भयंकर भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसं मेली. स्टोक्स तिथे मदतीला गेले. त्यानंतर सिमल्याच्या उन्हात-थंडीत ते हळूहळू कोटगडकडे सरकले. कोटगड म्हणजे सतलज नदीच्या खोऱ्यावरचा डोंगराळ भाग, सिमल्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर. काही वर्षं त्यांनी साधूसारखी काढली. अंगावर साधं वस्त्र, पायी फिरणं, मिळेल ते खाणं. पण लोकांच्या पाया पडण्याने त्यांना अवघडल्यासारखं होई. साधू म्हणून दुरून मान मिळतो, पण लोकांच्या सुखदुःखात वाटा मिळत नाही, हे त्यांना कळलं. मग त्यांनी ठरवलं की इथल्या माणसांसारखंच संसार करून, शेती करून राहायचं.

१९१२ मध्ये त्यांनी तिथल्याच पहाडी राजपूत ख्रिस्ती घरातल्या ॲग्नेस या मुलीशी लग्न केलं. गोऱ्या माणसाने गावातली मुलगी करणं म्हणजे त्या काळी दोन्हीकडच्या लोकांच्या भुवया उंचावणारी गोष्ट. स्टोक्स यांनी त्याची पर्वा केली नाही. ठाणेदार गावाजवळ चहाचा एक जुना मळा त्यांनी विकत घेतला आणि तिथे घर बांधलं. त्यांना सात लेकरं झाली.

सफरचंदाची रोपं

त्या वेळी कोटगडचा शेतकरी गहू, मका, डाळी, बटाटे अशी पिकं घेई. डोंगर उतारावरच्या लहान लहान वाफ्यांत पोटापुरतं पिकायचं. बर्फ पडला, गारा पडल्या की तेही हातचं जायचं. हातात रोकड म्हणून काही नसायची. पहाडात काहीतरी पैसा देणारं पीक हवं, हे स्टोक्स यांना दिसत होतं.

सफरचंद पहाडाला अगदीच नवं नव्हतं. कुल्लूच्या खोऱ्यात इंग्रजांनी आधी बागा लावल्या होत्या. पण ती विलायती जातींची फळं चवीला आंबट होती. लोकांना ती आवडत नव्हती. अमेरिकेत मात्र स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने एक गोड, लाल, टिकाऊ जात बाजारात आणली होती. तिचं नाव रेड डिलिशियस. आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेल्या झाडापासून ती जात आली होती. स्टोक्स अमेरिकेत जाऊन आले तेव्हा ही जात त्यांच्या पाहण्यात आली. १९१६ मध्ये त्यांनी तिची रोपं कोटगडच्या आपल्या जमिनीत लावली. पुढे १९२१ च्या नाताळाला त्यांच्या आईने अमेरिकेहून गोल्डन डिलिशियस या पिवळ्या जातीची रोपं भेट म्हणून पाठवली. आईने पाठवलेली ही भेट फार कामाची ठरली. रेड डिलिशियसला फळ धरायला दुसऱ्या जातीचे परागकण लागतात, आणि गोल्डन डिलिशियस ते काम चांगलं करते. म्हणून सफरचंदाच्या बागेत लाल झाडांमध्ये मधून मधून पिवळ्या जातीची झाडं ठेवतात.

गावकरी लगेच तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. धान्याच्या वाफ्यात झाड लावलं तर पहिली पाच-सात वर्षं खायचं काय? आणि फळ आलं तरी ते विकायचं कुठे? सिमल्यापर्यंत खेचराच्या पाठीवर माल न्यायचा, तोवर निम्मा दबून जायचा. संत्र्याची कलमं लावून चार-पाच वर्षं बहाराची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही धास्ती लगेच कळेल. स्टोक्स यांनी भाषणं दिली नाहीत. आधी आपल्या जमिनीत झाडं वाढवून दाखवली. मग लोकांना रोपं वाटली, कलम कसं बांधायचं, छाटणी कशी करायची हे शिकवलं. १९२० च्या दशकात फळ बाजारात जाऊ लागलं, चार पैसे हातात दिसले, तेव्हा शेजारचे लोक आपणहून रोपं मागायला आले.

वेठबिगारी मोडली

झाडं वाढत होती त्याच वर्षांत स्टोक्स एका वेगळ्या भांडणात उतरले. कोटगड हे हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावरचं ठिकाण. त्या रस्त्याने इंग्रज अधिकारी, शिकारी आणि हौशी प्रवासी जात. त्यांचं सामान वाहायला गावोगावच्या माणसांना जबरदस्तीने धरून नेत. याला तिकडे बेगार म्हणत, आपल्याकडे वेठबिगारी. पेरणी असो की कापणी, साहेबाचा हुकूम आला की शेत सोडून निघायचं. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा. मजुरी मिळाली तर नाममात्र, नाहीतर तीही नाही. ऐन कापणीत घरचा धट्टाकट्टा माणूस चार दिवस नसला तर पिकाचं काय होतं, ते शेतकऱ्यालाच कळतं.

स्टोक्स स्वतः गोरे होते. त्यांच्या दाराशी कोणी बेगारीसाठी येणार नव्हतं. पण त्यांनी गावकऱ्यांना एकत्र केलं, समिती केली, सरकारला अर्ज केले, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. अर्जाने काम होईना तेव्हा लोकांनी ओझं उचलायचंच नाही असा निश्चय केला. लोक घाबरले नाहीत, फुटले नाहीत. शेवटी १९२१ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि कोटगडच्या लोकांची या जाचातून सुटका झाली. पहाडातल्या लोकांनी इंग्रज सरकारला नमवल्याची ही मोठी घटना होती.

१९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर स्टोक्स यांचं इंग्रज राज्याबद्दलचं मत पार बदललं होतं. नागपूर अधिवेशनाला ते आले ते याच काळात. अंगावर खादी घातली. पंजाबच्या वतीने लाला लजपतराय यांच्याबरोबर अखिल भारतीय काँग्रेस समितीवर त्यांनी काम केलं. १९२१ मध्ये सरकारी नोकऱ्या सोडण्याचं आवाहन करणाऱ्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. सही करणाऱ्यांमध्ये ते एकटेच अभारतीय होते. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. जामीन द्यायला त्यांनी नकार दिला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात गोऱ्या कैद्यांना वेगळ्या सोयी मिळत, त्या त्यांनी नाकारल्या आणि हिंदी कैद्यांसारखीच वागणूक मागितली. भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले एकमेव अमेरिकन म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. महात्मा गांधींनी आपल्या पत्रात त्यांच्याविषयी लिहिलं होतं.

भरलेलं झाड आणि शेतकऱ्याचा हात

सुटून आल्यावर ते हळूहळू राजकारणातून बाजूला झाले आणि शेती, शाळा, गाव यांत रमले. बागा वाढल्या तसं सफरचंदाच्या शेतकऱ्यांपुढे एक वेगळंच कोडं उभं राहिलं. फळबाग करणाऱ्या प्रत्येकापुढे ते येतं, आणि नागपूरच्या संत्रा पट्ट्यात ते आजही आहे. झाडाला फळ फार लागलं तर काय करायचं?

सफरचंदाच्या एका डोळ्यातून पाच-सहा फुलांचा गुच्छ येतो. हवामान चांगलं असलं तर प्रत्येक फुलाचं फळ होऊ पाहतं. काही फळं झाड आपणच गाळून टाकतं. तरीही चांगल्या वर्षी फांद्या वाकतील इतकी फळं उरतात. शेतकऱ्याला आनंद होतो. पण झाडाजवळ अन्न मर्यादित असतं. एका सफरचंदाला नीट पोसायला सुमारे तीस ते चाळीस पानं लागतात. पानं तेवढीच आणि फळं दुप्पट, मग सगळीच फळं बारीक राहतात, रंग धरत नाही, गोडी येत नाही. फांद्या मोडतात ते वेगळंच.

खरा फटका पुढच्या वर्षी बसतो. सफरचंदाच्या पुढच्या वर्षाच्या फुलांचे डोळे यंदाचं फळ लहान असतानाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला तयार होतात. फळांतल्या बिया असा रस सोडतात की त्याने नवे फुलडोळे धरत नाहीत. फळं फार, बिया फार, म्हणून डोळे कमी. यंदा झाड लदलेलं, पुढच्या वर्षी रिकामं, असं चक्र सुरू होतं. स्टोक्स यांच्या आईने पाठवलेल्या गोल्डन डिलिशियस जातीत तर ही खोड जास्तच आहे.

यावर उपाय एकच, फळांची विरळणी. फुलं गळून फळं गोटीएवढी झाली की गुच्छातलं एक चांगलं फळ ठेवायचं आणि बाकीची हाताने तोडायची. दोन फळांत साधारण वीतभर अंतर ठेवायचं. डागाळलेली, वेडीवाकडी, गर्दीतली फळं आधी काढायची. हे काम बहारानंतर महिना-सव्वा महिन्याच्या आत झालं पाहिजे. उशिरा केलं तर उरलेली फळं थोडी मोठी होतात, पण पुढच्या वर्षीचे डोळे तोवर गेलेले असतात. मोठ्या बागांत आता त्यासाठी फवारणीही करतात, पण हाताच्या विरळणीची जागा पुरती भरून निघालेली नाही.

काम सोपं आहे, पण हात धजत नाही. जे फळ यायला सात वर्षं वाट पाहिली, तेच हिरवं तोडून जमिनीवर टाकायचं. उपाशीपोटी दिवस काढलेल्या कोटगडच्या शेतकऱ्याला हे किती जड गेलं असेल याचा अंदाज आपल्याला करता येतो. पण बाजार वजनापेक्षा आकार आणि रंग पाहून भाव देतो. पेटीभर बारीक फळांपेक्षा अर्धी पेटी मोठ्या फळांना जास्त पैसे मिळतात. पहाडातले बागायतदार हे अनुभवाने शिकले.

आपल्या संत्र्याचं काय?

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नागपुरात १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. तरी बागेतलं चित्र काय? आंबिया बहार चांगला फुटला, गळ कमी झाली, की झाड फळांनी वाकतं. मग बांबूचे टेकू लावायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. फळं काढून कमी करायची हा विचार फार थोडे करतात, कारण फळगळीने आधीच जीव नकोसा केलेला असतो. गळीची भीती खरी आहे. पण जे झाड गळीतून वाचून लदलं, त्याच्यावरचा भार हा वेगळा धोका आहे.

संत्रा हा मँडरिन गटातला. या गटातली झाडं भाराला फार नाजूक. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मर्कॉट नावाच्या जातीची झाडं फळांनी लदलेली असतानाच वाळून मेली. तपासलं तेव्हा मुळांतला अन्नाचा साठा संपलेला आढळला. झाडाने होतं नव्हतं ते सगळं फळांना देऊन टाकलं होतं. आपल्याकडेही मोठ्या बहारानंतर शेंडे वाळतात, सल वाढते, पुढचा बहार हुकतो. दोष मात्र कधी रोपाला दिला जातो, कधी पाण्याला, कधी नशिबाला. रोग, पाणी, माती ही कारणं असतातच. त्यांच्या जोडीला भारही असतो, हे लक्षात घ्यायला पाहिजे.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळता येतात. एका झाडावर एका वर्षात आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार धरू नयेत. तरुण झाडावर पहिल्या एक-दोन बहारात फळांचा मोह आवरावा. नैसर्गिक गळ थांबली की झोंबे पाहावेत आणि बारीक, डागी, आतल्या गर्दीतली फळं काढून टाकावीत. तयार माल झाडावर फार दिवस ठेवू नये, तोडणी झाल्यावर सल काढावी आणि झाडाला खत-पाणी देऊन सावरू द्यावं. कोणत्या वयाच्या झाडावर किती फळं ठेवायची हे जमीन आणि झाडाची तब्येत पाहून ठरतं. त्यासाठी संशोधन केंद्र किंवा कृषी सहाय्यकांचा सल्ला घ्यावा. सगळ्या बागेत एकदम करायची भीती वाटत असेल तर दहा झाडांवर करून पाहावं, आणि तोडणीला दोन्हीकडचा माल वेगळा मोजावा. पुढच्या वर्षीचा बहारही वेगळा लिहून ठेवावा. स्टोक्स यांनीही आधी आपल्याच जमिनीत करून दाखवलं होतं.

शेवटची वर्षं

स्टोक्स यांच्या आयुष्यात दुःखही कमी नव्हतं. तारा नावाचा त्यांचा लहान मुलगा आजारपणात गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावात शाळा चालवली. तिथे गावची मुलं आणि त्यांची स्वतःची मुलं एकत्र शिकत, पुस्तकांबरोबर शेतीचं कामही करत. उपनिषदं आणि गीता त्यांनी मूळ संस्कृतातून अभ्यासली. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतलं. पत्नी ॲग्नेस प्रियादेवी झाल्या. ठाणेदारला त्यांनी परमज्योती मंदिर बांधलं. त्याच्या लाकडी भिंतींवर गीतेतली आणि उपनिषदांतली वचनं कोरलेली आहेत.

१४ मे १९४६ रोजी त्यांचं निधन झालं. देश स्वतंत्र झालेला पाहायला ते सव्वा वर्ष कमी जगले. पण त्यांच्या हयातीतच कोटगडच्या उतारावर धान्याच्या वाफ्यांशेजारी सफरचंदाच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. पुढे हे पीक सिमला, कुल्लू, किन्नौरपर्यंत पसरलं. ज्या गावांतली माणसं साहेबाचं ओझं वाहायला धरून नेली जायची, त्याच गावांतून आज ट्रक भरून सफरचंद देशभर जातं. कळमन्याच्या फळबाजारातही ते येतं, आणि हंगामात आपल्या संत्र्याच्या ढिगाशेजारीच त्याचा भाव पुकारला जातो.